प्रकल्प गाजर

नाव ठेवण्याचे प्रसंग सभ्य माणसावर सहसा दोनच येतात. एक, स्वतःला मूल झाल्यावर. दुसरा, शेजाऱ्याला मूल झाल्यावर. पहिल्या वेळी आपण एकदाच नाव ठेवतो, दुसऱ्या वेळी जन्मभर. माझ्यावर तिसराच प्रसंग आला. न्यूयॉर्कमधल्या एका गुंतवणूक बँकेत कनिष्ठ विश्लेषक म्हणून रुजू होऊन मला अवघे सात आठवडे झाले होते, आणि माझ्याकडे एका शवपेट्यांच्या कारखान्याचे बारसे करण्याचे काम आले.

'कनिष्ठ विश्लेषक' या दोन शब्दांतला 'कनिष्ठ' तेवढा खरा असतो. विश्लेषण वरचे लोक करतात. आम्ही त्यांच्या विश्लेषणातले रकाने एका रेषेत आणतो. सात आठवड्यांत मी निळ्या रंगाच्या चार छटा ओळखायला शिकलो होतो आणि त्यांतली तिसरी वापरल्याबद्दल एकदा लेखी माफीही मागितली होती. आमच्या तुकडीत आम्ही अकरा जण होतो. डिसेंबरात आठ राहतील, ही गोष्ट आम्हाला पहिल्याच दिवशी, स्वागताचा केक कापताना, प्रसन्न चेहऱ्याने सांगण्यात आली होती. तेव्हापासून आम्ही अकराही जण एकमेकांशी अतिशय प्रेमाने वागत होतो आणि एकमेकांकडे वजाबाकीच्या नजरेने पाहत होतो.

माझा वरिष्ठ ब्रेंडन हॅलोरन हा व्हाइस प्रेसिडेंट होता. या पदाचा माणूस देशाला एक पुरतो. आमच्या मजल्याला चौदा लागत. बँकेत सगळ्यांनी सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायची प्रथा आहे. त्यामुळे कोण कोणाच्या मानेवर बसला आहे, हे बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही.

"थिओ, हा घे तुझा पहिला सौदा," ब्रेंडनने माझ्या टेबलावर एक फाइल आपटली. "हॉलेनबेक अँड सन्स, विस्कॉन्सिन. शवपेट्या करतात. मालकीणबाई विकायला तयार आहेत. म्हणजे, जवळजवळ. घेणाराही तयार आहे. चार वाजेपर्यंत मला सांकेतिक नाव दे."

"कसलं नाव?"

"कसलंही. फक्त त्यावरून कंपनी ओळखता येता कामा नये, ऐकणाऱ्याला हसू येता कामा नये, आणि कुणाचं मन दुखता कामा नये. बाईंची सही झाली, की तू आठांत. नाही झाली, तर..." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. खुर्चीकडे पाहिले, आणि ती मजबूत आहे ना, हे हाताने दाबून बघितले.

आमच्या धंद्यात अशिलाचे खरे नाव उच्चारत नाहीत. लिफ्टमध्ये नाही, फोनवर नाही, प्रसाधनगृहात तर नाहीच नाही. प्रत्येक सौद्याला एक टोपणनाव असते आणि ते ठेवणाऱ्यांचा आत्मविश्वास दांडगा असतो. माझ्या आधीच्या वर्षी 'प्रकल्प हिमशिखर' झाला होता, तो वितळला. 'प्रकल्प अजिंक्य' वर्षभरात दिवाळखोरीत गेला. हे सारे पाहून मी एक साधे, शांत, प्रसन्न नाव निवडले, 'सदाहरित', आणि ते नियमपालन विभागाकडे मंजुरीसाठी पाठवले.

दहाव्या मिनिटाला मला खाली बोलावणे आले.

नियमपालन विभागातल्या मिस ओपल गेन्स यांच्याकडे बँकेतल्या सगळ्या टोपणनावांची नोंदवही सत्तावीस वर्षे होती. या काळात चार अध्यक्ष आले आणि गेले. त्यांपैकी तिघांचे जाणे गेन्सबाईंना आधी कळले होते, असे म्हणत.

"सदाहरित," त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "बाळ, या नावाची जागा तू कुठं पाहिलीस?"

"बागेत?"

"स्मशानभूमीत. या देशात दर तिसऱ्या गावाच्या स्मशानभूमीचं नाव हेच आहे. आणि तुझं गिऱ्हाईक करतं काय?"

मी मुकाट्याने यादीतले दुसरे नाव पुढे केले. क्षितिज.

"माणसं तिकडेच जातात."

"सुगी?"

"सुगीला कापणी कोण करतं? मृत्यू. काळा झगा, हातात विळा. चित्रं बघितलीस ना?"

"मग ओक. नुसतं झाड."

"पेटी कशाची करतात, बाळ?"

एका वाक्यात जगातली सारी झाडे बाद झाली. सरोवर फार शांत होते. कबुतरे अंत्यविधीला सोडतात. वीणा स्वर्गात देवदूत वाजवतात. कंटाळून मी 'वेग' सुचवले, तर गेन्सबाई म्हणाल्या की या धंद्यात घाई दिसणे बरे नव्हे. त्यांच्या नजरेने जगाकडे पाहिल्यावर मला प्रथमच उमगले, की बहुतेक सुंदर शब्द हळूहळू मरणाच्याच दिशेने चालत असतात. कवींना हे पूर्वीपासून ठाऊक असावे. बँकेला ते माझ्या खर्चाने कळत होते.

चार वाजून गेले. ब्रेंडनने मुदत दोन दिवस वाढवली, आणि ती वाढवताना माझ्या खुर्चीची उंची किंचित कमी करून पाहिली.

माणूस अडचणीत आहे असे दिसले, की सल्ल्याला तोटा नसतो. माझ्या डाव्या हाताला बसणारी ग्वेन ॲबरनॅथी म्हणाली, "धातूचं नाव दे ना. धातूला कोण कशाला नावं ठेवतंय?" मी 'तांबे' पाठवले. पेटीच्या कड्या तांब्याच्या असतात, असा शेरा घेऊन ते परत आले. उजव्या हाताला प्रेस्टन बसे. त्याचे वडील तीन गोल्फ क्लबांचे सभासद होते आणि प्रेस्टन त्या तिन्ही क्लबांसारखा बोले. त्याने पुष्कळ विचार करून 'प्रकल्प प्रेस्टन' हे नाव सुचवले.

"तुझ्या नावानं शवपेट्यांचा सौदा?" ग्वेनने विचारले.

"भारदस्त वाटतं," प्रेस्टन म्हणाला.

"वाटतं खरं. मी तर पेटीवर कोरूनसुद्धा देईन."

खरा अनर्थ घरी झाला. मी शहराच्या क्वीन्स भागात मिसेस कालोगेरा यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत असे. सकाळी कॉफी देताना त्यांनी विचारले, "थिओ, तोंड का असं? उपाशी आहेस का?" सौद्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी शपथ मी तीन कागदांवर घेतली होती. म्हणून मी सावधपणे म्हणालो, की एक नाव शोधतो आहे, छान, निरुपद्रवी.

"अगंबाई! मुलगा की मुलगी?"

"तसं काही नाही. मला सांगता येत नाही."

"का नाही सांगता येत?"

"कायद्याची अडचण आहे."

मिसेस कालोगेरांनी कॉफीचे भांडे खाली ठेवले. "हे बघ, पोरा. संताचं नाव ठेव आणि त्या मुलीशी लग्न कर. अडचण आपोआप सुटते."

संध्याकाळी परतलो, तेव्हा जिन्यात एक वापरलेली बाबागाडी उभी होती. तळमजल्यावरच्या मिस्टर आंद्रियादिस यांनी ती पुसून, चाकांना तेल घालून ठेवली होती, आणि त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. वर पोहोचेपर्यंत फोन वाजू लागला. पेनसिल्व्हेनियाहून आई बोलत होती. मिसेस कालोगेरांनी तिचा नंबर माझ्या भाडेपत्रावरून घेतला होता.

"थिओडोर, जगाला कळलं आणि आईला नाही?"

"आई, मूल नाहीये. ती एक कंपनी आहे."

"ते कंपनी वगैरे मला सांगू नकोस! तुझा बापही मला आधी 'मैत्रीण' म्हणायचा."

"आई, ऐक तरी. ऑफिसचं गुपित आहे."

"म्हणजे ऑफिसातली आहे," आई म्हणाली, आणि वडिलांना सांगायला गेली. मी शपथेला जागलो. त्या आठवड्यात माझ्या घराण्याची अब्रू धुळीला मिळाली. बँकेची गोपनीयता मात्र अबाधित राहिली. याबद्दल मला कोणी प्रशस्तिपत्र दिले नाही.

इकडे नावे आता बँकेच्या तेवीस शहरांतल्या कार्यालयांकडे फिरू लागली होती, कारण गेन्सबाईंच्या चाळणीतून निसटलेले नाव परदेशात कुठे वावगे ठरत नाही ना, हेही पाहावे लागे. मोठ्या कष्टाने मी 'ध्रुव' गेन्सबाईंच्या गळी उतरवले, तर साओ पाउलोने कळवले, की त्या नावाने तिथल्या एका फुटबॉल संघाच्या पराभवाची जखम उघडी पडते. फ्रँकफर्टने शब्दाची व्याख्या मागितली. झुरिकने 'हरकत नाही' असे तीन वेळा कळवले, कारण पहिल्या दोन पत्रांवर तारीख घालायची राहून गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेन्सबाईंसमोर बसलो, तेव्हा माझ्याजवळ एकही नाव उरले नव्हते. त्या डबा खात होत्या. मी डब्याकडे पाहत राहिलो. भुकेने नव्हे, डोळ्यांना कुठेतरी ठेवायला हवे होते, म्हणून.

"गाजर?" मी म्हणालो.

त्यांचे चावणे थांबले. त्यांना वाटले, मी मागतो आहे. मग लक्षात आले, मी सुचवतो आहे. हातातल्या तुकड्याकडे त्यांनी चारही बाजूंनी पाहिले.

"जमिनीखाली असतं," त्या सावकाश म्हणाल्या. "पण वर काढतात. म्हणजे दिशा उलटी. गाजरावर मरणाची सावली नाही, बाळ." आणि सत्तावीस वर्षांचा अनुभव असलेला शिक्का कागदावर उमटला. तेवीसही कार्यालयांनी होकार दिला. साओ पाउलोने तर शुभेच्छा पाठवल्या.

प्रथेप्रमाणे घेणाऱ्या कंपनीलाही जोडीचे नाव लागते. ते ठेवण्याचा मान ब्रेंडनने स्वतःकडे घेतला आणि चार सेकंदांत पार पाडला. "ससा. सोप्पं. गाजर आणि ससा. लहान पोरांच्यासुद्धा लक्षात राहील."

"पण लक्षात येऊ द्यायचं नाहीये ना?"

"थिओ, तू विचार फार करतोस," ब्रेंडन म्हणाला. व्हाइस प्रेसिडेंटने पाठवलेले नाव असल्यामुळे 'ससा' दुपारच्या चहाआधी मंजूर झाला.

मग मी माहितीपुस्तिकेला हात घातला. ब्याण्णव पानांत जिथे जिथे 'हॉलेनबेक' होते तिथे 'गाजर' घालायचे होते, आणि एक कळ दाबून सगळे शब्द एकदम बदलण्याची सोय संगणकात असते. कळ दाबताना मला झालेला आनंद अल्पजीवी ठरला. 'गाजर कुटुंब तीन पिढ्या शोकाकुलांच्या सेवेत आहे,' असे पहिल्याच पानावर आले. 'श्रीमती मार्गुरीट गाजर या नगर ग्रंथालयाच्या विश्वस्त आहेत.' चौथ्या पानावर तर गाजरांच्या सुनेला पुत्ररत्न झाले होते. मी एकशे चाळीस ठिकाणी माणसांना त्यांची आडनावे हाताने परत केली. कंपनीचे तेवढे गाजर ठेवले. कंपनीला भावना नसतात, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते.

पान एकसष्ट, तळटीप सात, हीही मीच टंकली. 'व्यवहारानंतर अठरा महिन्यांत सशाकडून विद्यमान उत्पादनस्थळाचे समायोजन अपेक्षित.' या वाक्याचा अर्थ मला कळेना, म्हणून मी ब्रेंडनला विचारले.

"म्हणजे गावातला कारखाना बंद."

"तिथं दोनशे बारा माणसं आहेत."

"म्हणून तर तळटीप आहे. अक्षर अजून एक नंबर बारीक कर."

आमची बँक खोटे कधीच बोलत नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. ती फक्त अक्षराचा आकार कमी करते.

बैठक अठ्ठेचाळिसाव्या मजल्यावर होती. मॅनेजिंग डायरेक्टर क्रॉफर्ड व्हिटलॉक खिडकीकडे पाठ करून बसले होते, म्हणजे समोरच्याला मागचे आकाशही त्यांचेच वाटावे. मिस मार्गुरीट हॉलेनबेक चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी गडद निळा पोशाख केला होता आणि पायांत बर्फात चालायचे जाडजूड बूट होते, कारण त्या निघाल्या तेव्हा गावात बर्फ पडत होता आणि मॅनहॅटनमध्ये काय पडते याची त्यांना पर्वा नव्हती. व्हिटलॉक 'वारसा' या विषयावर वीस मिनिटे बोलले. बाई पाने उलटत राहिल्या. एका पानावर थांबल्या.

"या फोटोखाली काय लिहिलंय, ते जरा वाचता का?"

व्हिटलॉक वाकले. "एमिल... गाजर. संस्थापक."

एकशे एकेचाळिसावी जागा. व्हिटलॉकनी ब्रेंडनकडे पाहिले, ब्रेंडनने माझ्याकडे पाहिले, आणि मी मागे वळून पाहिले. मागे भिंत होती.

"माझे वडील," बाई म्हणाल्या. "गावात त्यांना लोक पुष्कळ काय काय म्हणायचे. गाजर कुणी म्हटलं नव्हतं."

"मार्गुरीट, हे गोपनीयतेसाठी असतं. निव्वळ सांकेतिक—"

"म्हणजे मी गाजर. आणि घेणारे कोण?"

व्हिटलॉकनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी चष्मा नाकावर चढवला आणि शाळेत धडा वाचावा तसे स्वच्छ वाचले. "'ससा गाजराचे शंभर टक्के संपादन करील. त्यानंतर गाजराचे स्वतंत्र अस्तित्व राहणार नाही. सशाच्या मते गाजराचा बराचसा भाग अनावश्यक आहे.'" त्यांनी चष्मा काढला. "क्रॉफर्ड, चार महिने तुम्ही माझ्याकडे येताय. भागीदारी काय, पुढचा अध्याय काय. मला मेलीला एक अक्षर कळत नव्हतं. आज पहिल्यांदा सगळं कळलं."

"तो केवळ शब्दांचा योगायोग आहे."

"कुणी ठेवलं हे नाव?"

"समितीनं," ब्रेंडन म्हणाला. मग समितीला दाराबाहेर काढता येत नाही, हे त्याच्या लक्षात आले असावे. "थिओनं."

"अस्सं. म्हणजे मला गाजर दाखवायचं, हे अगदी मुखपृष्ठावर छापून!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन दिवस, तेवीस शहरे आणि सत्तावीस वर्षांचा अनुभव, सगळे मिळून आम्ही मरणाचा वास हुंगत बसलो होतो. गाजर माणसाला कशासाठी दाखवतात, हे एकाच्याही मनात आले नव्हते. कदाचित रोज तेच करत असल्यामुळे.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "पोरा, ससा गाजर खातो ना, तेव्हा मागं काय उरतं?"

व्हिटलॉक माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यामागे तीस वर्षांची साधना होती, आणि त्यात उत्तर आयते लिहिलेले होते. 'वाढ' म्हणायचे. 'संधी' म्हटले तरी चालले असते. ब्रेंडनची नजर माझ्या खुर्चीवर होती. खुर्ची इथली नव्हे, खालची. पण तो कुठेही बसून तिच्याकडे पाहू शकत असे. मी तोंड उघडले, आणि शब्द जिभेवर आलाही होता. तेवढ्यात माझे लक्ष बाईंच्या बोटांकडे गेले. त्यांचे बोट त्या पानावर, काय ऐकायला मिळेल तसे पान उलटायचे किंवा सही करायची, अशा बेताने थांबले होते. आपण जे सांगू ते समोरचा माणूस खरे मानणार आहे, असा प्रसंग सात आठवड्यांत माझ्यावर प्रथमच आला होता.

"पाला," मी म्हणालो. "पाला उरतो, मिस हॉलेनबेक. पान एकसष्ट, तळटीप सात."

त्यांनी पान काढले. वाचायला वेळ लागला. अक्षर फार बारीक होते, आणि ते मीच बारीक केले होते. त्या वाक्यावरून त्यांनी बोट दोनदा फिरवले. मग पुस्तिका मिटून पिशवीत टाकली.

"ती गोपनीय आहे, मार्गुरीट," व्हिटलॉक म्हणाले.

"माझ्या वडलांचा फोटो आहे त्यात," बाई उठल्या. "चहा छान होता, क्रॉफर्ड. विकायचं नाही म्हणून कळवा त्या सशाला." दाराशी त्या माझ्यापाशी थांबल्या. "तुझं आडनाव काय रे?"

"व्होयचिक."

"सांभाळ. इथं बदलून टाकतात."

माझी नोकरी नेमकी कुठे गेली, हे मला अचूक सांगता येते: अठ्ठेचाळिसावा आणि एकेचाळिसावा मजला यांच्या मध्ये. लिफ्टमध्ये ब्रेंडन आणि मी दोघेच होतो. पहिले तीन मजले तो आकड्यांकडे पाहत राहिला.

"पाला?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"बारा वर्षांत मी अशा सहा तळटीपा लिहिल्या. एकदाही कुणी विचारलं नाही." आणखी एक मजला गेला. "दुसरा एखादा शब्द नव्हता सुचला?"

"सुचला होता. पण समितीकडे पाठवायचा, तर तीन दिवस गेले असते."

ब्रेंडन हसला नाही. लिफ्ट थांबली, तेव्हा त्याने हात आडवा घालून दार धरून ठेवले आणि मला आधी बाहेर जाऊ दिले. व्हाइस प्रेसिडेंटने कनिष्ठ विश्लेषकासाठी दार धरण्याचा आमच्या मजल्यावरचा तो पहिलाच प्रसंग असावा. माझी खुर्ची कुठे आहे, हे आम्हा दोघांनाही चांगले ठाऊक होते. तरी तिथपर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला.